मुदतीच्या रकान्यात शून्य

सोमवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी भाऊंच्या शर्टाच्या खिशात मोबाइल थरथरला. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि वाचलं. 'नमस्कार! आपल्या रुग्णाची तब्येत आता कशी आहे? ऑक्सिजन मशीनचा फिल्टर तपासायची वेळ झाली आहे. आमचा माणूस लवकरच आपल्या घरी येईल. रुग्णाला आमच्या शुभेच्छा.' खाली कंपनीचं नाव होतं. भाऊ गेली सव्वीस वर्षं त्याच कंपनीचे हिशेब लिहीत होते आणि आत्ता तिच्याच खुर्चीत बसले होते. तिनंच त्यांना विचारलं होतं, तुमचा पेशंट कसा आहे.

भाऊंचा पेशंट म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

पहिला विचार मनात आला तो एवढाच, की सापडलो. मान न वळवता त्यांनी खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं. तिथं कॉम्प्युटरवाली चहा पीत, स्वतःवर खूश होऊन पडद्याकडे बघत होती. तिनं काही पकडलंय असं वाटत नव्हतं. तरी भाऊंनी मोबाइल टेबलावर पालथा घातला.

भाऊंना भीती कशाची होती ते आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ते स्वतः कुणाला सांगणार नव्हते. कंपनी आजारी माणसांना घरी वापरायला ऑक्सिजनची मशीनं भाड्यानं द्यायची. गुडघ्याएवढी उंच, चाकांवरची मशीनं. पलंगाशेजारी ठेवली की खोलीतली हवा आत घेऊन नळीतून ऑक्सिजन देत घुरघुरत राहायची. भाऊंच्या बायकोची फुप्फुसं दगा द्यायला लागली तेव्हा एकसष्ट नंबरचं मशीन त्यांच्या घरी आलं. दोन वर्षं ते तिच्या उशाशी चाललं. ती गेली तेव्हा ऑफिसातले सगळे आले, बसले, गेले. मशीन मात्र गेलं नाही.

परत आलेल्या मशीनची नोंद करायचं काम भाऊंचंच होतं आणि ही नोंद त्यांनी केली नाही. दर एक तारखेला ते बायकोच्या नावानं भाड्याचं बिल काढायचे, स्वतःच्या खिशातून पैसे भरायचे, स्वतःच पावती फाडायचे आणि घडी करून पाकिटात ठेवायचे. कंपनीचा एक पैसा बुडाला नव्हता. नाकासमोर चालणाऱ्या माणसाला लबाडी करायची झाली तर ती अशीच जमते. पण उद्या कुणी विचारलं असतं, भाऊ, हे मशीन कोण वापरतंय, तर मशीन परत करावं लागलं असतं. आणि मग बायकोच्या खात्यावर शून्य टाकावं लागलं असतं. सगळं अडलं होतं ते त्या एका शून्यापाशी.

शून्याचं कारण असं. कंपनी काढणारे मोठे साहेब आता हयात नाहीत, पण त्यांनी अगदी सुरुवातीला भाऊंना बजावलं होतं, की ज्या घरातला माणूस गेला त्या घरी आपण होऊन फोन करायचा नाही, बिल पाठवायचं नाही, माणूसही पाठवायचा नाही. त्यांना सुचेल तेव्हा ते येतील. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव, पत्ता, फोन, येणं-देणं सगळ्याला रकाना होता. माणूस गेला हे लिहायला मात्र कुठं जागा नव्हती. मग भाऊंनी शक्कल लढवली. पैसे किती दिवसांत द्यायचे, त्या मुदतीचा एक रकाना असतो. सगळ्या गिऱ्हाइकांना तीस दिवसांची मुदत होती. निरोप आला की भाऊ त्या खात्यावरचे तीस खोडून शून्य टाकायचे आणि बिलं काढताना शून्य दिसलं की ते खातं ओलांडून पुढं जायचे. सव्वीस वर्षांत अशी एकशे सदतीस शून्यं झाली होती. त्यातलं एकही त्यांनी घाईत किंवा जेवता जेवता टाकलं नव्हतं.

बायकोच्या खात्यावर अजून तीस होते.

हे सगळं सुखानं चाललं असतं, पण दीड महिन्यापूर्वी ताईनं कॉम्प्युटरवालीला आणलं. ताई म्हणजे मोठ्या साहेबांची लेक. वडिलांच्या मागं कंपनी तिच्याकडे आली होती आणि तिला सगळं एका पडद्यावर बघायचं होतं: कुठलं मशीन कुणाच्या घरी आहे, कुणाचा फिल्टर बदलायचा राहिलाय, कोण मशीनसाठी थांबलंय. त्यासाठी कॉम्प्युटरवाली कंपनीची स्वतःची वेबसाइट बांधत होती. पण माणसांची नावं-गावं सगळी भाऊंच्या हिशेबात. तेव्हा हिशेबातून वेबसाइटपर्यंत एक पूल बांधायचा, असं ती म्हणाली. रोज सकाळी दहा वाजता पूल उघडणार, भाऊंची खाती वाचणार आणि पलीकडे नेऊन पोचवणार.

"म्हणजे माझ्या वहीत डोकावणार," भाऊ म्हणाले होते.

"डोकावणार नाही हो भाऊ. नुसतं वाचणार. तुमचं काहीही बदलणार नाही."

"लग्नाच्या वाटाघाटीतही सगळे असंच म्हणतात," भाऊ म्हणाले आणि ती मनापासून हसली होती. मुलगी वाईट नव्हती. तिशीची असेल, कामाला वाघ. मधूनमधून पेनची टोपी चावायची आणि ती हरवली की सगळ्या ऑफिसवर आळ घ्यायची. तिनं एकेक रकाना विचारून घेतला. फिल्टरवाल्याची तेलकट वही घेतली आणि कुठल्या मशीनचा फिल्टर कधी बदलला ते सगळं बसून भरलं. मुदतीच्या रकान्यापाशी ती थांबली.

"भाऊ, काही खात्यांवर शून्य दिवस आहेत. हे काय आहे?"

तेव्हा भाऊंनी सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललं की लगेच पुढचा प्रश्न येणार, म्हणजे जी माणसं गेली त्या सगळ्यांना शून्य आहे का? भाऊ कुणाशीही खोटं बोलायला कच्चे होते. म्हणून ते म्हणाले, "आहे ते राहू दे. त्याला हात लावू नकोस."

तिनं हात लावला नाही. पण तिची स्वतःची एक समजूत होती, तिच्या धंद्यातल्या सगळ्यांचीच असते, की शून्य म्हणजे कुणीतरी भरायचं विसरलंय. तिनं आपल्या पुलावर एक अट लिहिली: मुदत रिकामी किंवा शून्य असेल, तर तीस धर. म्हणजे ते खातं चालू गिऱ्हाइकाचं, आणि फिल्टरची ताजी नोंद नसलेल्या प्रत्येक चालू गिऱ्हाइकाला वेबसाइट आपोआप मेसेज धाडणार होती. पुन्हा विचारायला ती भाऊंकडे आली नाही, कारण भाऊ त्या दिवशी जरा तुसडेपणानं बोलले होते. एकानं सांगितलं नाही, दुसरीनं विचारलं नाही, आणि सोमवारी दहा वाजता पूल उघडला.

दहा वाजून वीस मिनिटांनी ऑफिसचा फोन वाजला. भाऊंनी उचलला.

"तुम्ही माझ्या यजमानांची तब्येत विचारलीत," एक बाई अगदी शांतपणे म्हणाल्या. "सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. काय सांगू तब्येत?"

भाऊंना आवाज ओळखता आला नाही, पण नाव विचारल्यावर घर आठवलं. "चौथा मजला," ते म्हणाले. "लिफ्ट नव्हती. आमच्या माणसानं मशीन खांद्यावरून आणलं होतं."

"हो," बाई म्हणाल्या आणि त्यांचा शांतपणा सुटला.

तो फोन ठेवतात तोच दुसरा आला. तो एका मुलाचा होता आणि त्यानं भाऊंना जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग तिसरा. चौथ्या फोनला भाऊंच्या ध्यानात आलं की आपण सापडलेलो नाही. मेसेज आपल्याला एकट्याला आलेला नाही. तो एकशे सदतीस घरी गेलाय, सव्वीस वर्षांतल्या सगळ्या शून्यांकडे. आपलं गुपित शाबूत आहे हे कळून त्यांना क्षणभर हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची त्यांना पुढं कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

ताई केबिनमधून बाहेर आली. कॉम्प्युटरवाली उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालंय?" ताईनं विचारलं.

भाऊंनी शून्याचं सगळं सांगितलं. मोठ्या साहेबांनी काय बजावलं होतं तेही सांगितलं. आपले वडील असं काही बोलले होते हे ताईला ठाऊक नव्हतं. ती खुर्ची ओढून बसली.

"चूक माझी," कॉम्प्युटरवाली म्हणाली. "मी शून्याचे तीस केले. विचारायला हवं होतं."

"तिनं विचारलं होतं," भाऊ म्हणाले. "मी सांगितलं नाही."

"का?"

"सुचलं नाही," भाऊ म्हणाले. हे खोटं होतं, आणि ताईला ते पटलं.

मेसेज बंद झाले. पण गेलेले मेसेज काही परत येत नव्हते. नवा मेसेज पाठवून माफी मागू, असं कॉम्प्युटरवालीनं सुचवलं तेव्हा भाऊ पहिल्यांदाच तिच्यावर ओरडले. "आणखी एक मेसेज? त्यापेक्षा जाऊन दारावर दगड मार." मग ते ओशाळले आणि म्हणाले, "मी फोन करतो. एकेकाला. तू शेजारी बस आणि यादीवर खुणा कर."

सोमवार ते गुरुवार, रोज अकरा ते पाच, भाऊ फोन करत होते. एकवीस नंबर बंद लागले. उरलेल्यांशी ते बोलले. त्यांची पद्धत साधी होती. आधी नाव सांगायचं, मग चूक सांगायची, माफी मागायची आणि गप्प राहायचं. समोरच्याला बोलायचं असेल तर बोलू द्यायचं. कुणी म्हणालं, ठीक आहे, होतं असं. कुणी रडलं. एकीनं अर्धा तास नवऱ्याच्या तक्रारी सांगितल्या, मेलेला माणूस सुधारत नाही याचा तिला फार राग होता, आणि शेवटी म्हणाली की बरं वाटलं बोलून. कॉम्प्युटरवाली यादीवर खुणा करत होती. पहिल्या दिवशी तिनं खाली मान घालून रडणं लपवलं, दुसऱ्या दिवशी लपवलं नाही.

बुधवारी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा नंबर लागला. भाऊंनी माफी मागितल्यावर ते म्हणाले, "माफी कसली मागता? चुकून का होईना, कुणीतरी तिची चौकशी केलीत. हल्ली तिचं नावसुद्धा निघत नाही हो घरात. मुलांना वाटतं, मला त्रास होईल."

"त्रास होतो का?" भाऊंनी विचारलं. असं ते कुणालाच विचारत नव्हते.

"होतो की. पण न काढल्याचा जास्त होतो." मग ते गृहस्थ म्हणाले, "तुमच्या घरी सगळे बरे आहेत ना?"

"हो," भाऊ म्हणाले. "सगळे बरे आहेत."

फोन ठेवून त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. कॉम्प्युटरवालीला वाटलं, दमले. तिनं पाणी आणून दिलं आणि वही पुढ्यात घेऊन म्हणाली, "भाऊ, आता नीट लिहून घेते. शून्य म्हणजे माणूस गेलेला. तीस म्हणजे माणूस आहे. बरोबर?"

"बरोबर."

"एकही अपवाद नाही?"

"हिशेबात अपवाद नसतो," भाऊ म्हणाले आणि पाणी पिऊन टाकलं.

शुक्रवारी सकाळी तिनं नव्या अटीसह पूल पुन्हा उघडला. या खेपेला मेसेज जाणार नव्हते, नुसती यादी येणार होती: जी माणसं आहेत आणि ज्यांच्या मशीनचा फिल्टर वर्षाहून जास्त काळ बदललेला नाही, अशांची. फिल्टरवाला कामात चोख होता, त्यामुळे यादी रिकामी येईल अशी तिची अपेक्षा होती. यादीत एक ओळ आली. मशीन एकसष्ट, फिल्टर तीन वर्षांत बदललेला नाही, भाडं दर महिन्याच्या एक तारखेला जमा. पुढं पत्ता आणि भाऊंचा मोबाइल नंबर.

ती उठली आणि खुर्ची घेऊन भाऊंच्या टेबलाशी येऊन बसली. लॅपटॉप तिनं असा धरला की दुसऱ्या कुणाला दिसू नये.

भाऊंनी वाचलं.

"मला काही विचारायचं नाहीये," ती हळू आवाजात म्हणाली. "ही एक ओळ वगळायची असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. एक अट घालते. ती कुणालाच दिसणार नाही, ताईंनासुद्धा. कायमची."

भाऊंना तिचा राग आला. चार दिवस शेजारी बसून ही पोर आपल्याला ओळखायला लागली, याचा राग आला. आणि त्याच वेळी 'घाल अट' हे दोन शब्द अगदी ओठांवर आले. ती ओळ गेली असती तर उद्या, परवा, निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतरही मशीन पलंगाशेजारी राहिलं असतं. त्यांना दुसरं काहीच नको होतं.

"तो वरच्या कोपऱ्यातला आकडा कसला?" त्यांनी विचारलं. बोलायला थोडा वेळ हवा होता म्हणून विचारलं.

"मोकळी मशीनं. एकही नाही. आणि खाली थांबलेली माणसं. तीन."

"हे आधी कुठं असायचं?"

"ताईंच्या डायरीत."

म्हणून ते भाऊंच्या नजरेला कधी पडलं नव्हतं. "पहिलं कोण आहे?"

"कपडे शिवणाऱ्या एक बाई आहेत. बावन्न वर्षांच्या. हॉस्पिटल घरी सोडायला तयार आहे, पण घरी मशीन नाही म्हणून नऊ दिवस तिथंच अडकल्यात."

नऊ दिवस. भाऊंची बायको शेवटच्या खेपेला हॉस्पिटलमध्ये अकरा दिवस होती आणि रोज एकच विचारायची, घरी कधी नेताय? भाऊंनी डोळे मिटले. मग उघडले आणि लॅपटॉप हलकेच तिच्याकडे सरकवला.

"अट नको," ते म्हणाले. "फिल्टरवाल्याला बोलव. व्हॅन घेऊन ये म्हणावं."

फिल्टरवाला हा बोलका माणूस. जिना चढताना तो म्हणाला, "भाऊ, तीन वर्षांत तुम्ही आम्हाला घरी चहाला बोलावलं नाहीत, आज बिस्किटांसकट वसूल करणार." कुठलं मशीन न्यायचंय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि भाऊंच्या घरचं मशीन केव्हाच परत गेलं असं तो धरून होता. भाऊंनी आतल्या खोलीचं दार उघडलं आणि तो तिथंच थबकला. खोली झाडलेली, स्वच्छ होती. पलंगावर दोन उशा होत्या आणि एकीला खळगा पडलेला नव्हता. तिच्या बाजूला एकसष्ट नंबरचं मशीन उभं होतं, वर धुळीचा कण नाही, नळी नीट गुंडाळून अडकवलेली.

फिल्टरवाला गुडघ्यांवर बसला. सवयीनं त्यानं मीटर बघितला. मशीन किती तास चाललं ते त्यात कळतं. त्यानं खिशातली वही काढून जुना आकडा काढला, पुन्हा मीटर बघितला आणि वर न बघता म्हणाला, "भाऊ, शेवटच्या नोंदीला अकरा हजार दोनशे होते. आता सतरा हजार आठशे चाळीस आहेत."

"असतील."

"म्हणजे हे चालू होतं. रोज सहा-एक तास."

"लिहून घे," भाऊ म्हणाले.

त्यानं लिहून घेतलं. चहाचं पुन्हा नाव काढलं नाही. मशीन चाकांवरून दारापर्यंत नेल्यावर तो वळून म्हणाला, "तिकडे नवी नळी देणार आहे. ही जुनी इथंच ठेवू का?"

"ठेव," भाऊ म्हणाले.

दुपारी तीन वाजता ताईनं भाऊंना बोलावलं नाही, ती स्वतःच त्यांच्या टेबलाशी आली. हातात बायकोच्या खात्याचा छापलेला कागद होता. तिनं सगळा वाचला होता आणि तिचे डोळे लाल झाले होते. मशीन त्या बाईंच्या घरी पोचलं, हे तिनं आधी सांगितलं. मग कागद टेबलावर ठेवला.

"भाऊ, छत्तीस महिन्यांचं भाडं आहे हे. मी सगळं परत करणार आहे. नाही म्हणू नका. बाबा असते तर त्यांनी हेच केलं असतं. मशीन नुसतं उभं होतं, कुणी वापरलंसुद्धा नाही."

"वापरलं की," भाऊ म्हणाले.

"कुणी?"

"मी. दोन वर्षं ते आमच्या खोलीत चालायचं ना, तिचा श्वास त्या आवाजात चालायचा. आवाज बंद झाला की मी दचकून उठायचो. ती गेल्यावरही उठायचो. मग मी ते लावून झोपायला लागलो. चालू असलं की वाटायचं, आहे. झोप लागायची." ते थांबले. "भाडं बरोबर आहे, ताई. परत काही करू नका. या महिन्याच्या बारा दिवसांचं भाडं भरायचं राहिलंय, तेवढ्याची पावती करा."

त्यांनी पाकीट काढलं, बारा दिवसांचे पैसे मोजून तिच्या हातात दिले. मग हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडलं, बायकोचं खातं काढलं, मशीन परत आल्याची नोंद केली. मुदतीच्या रकान्यातले तीस खोडले आणि शून्य टाकलं. हात कीबोर्डवरच राहिला आणि भाऊ सगळ्या ऑफिससमोर, तोंड न झाकता, रडायला लागले. तीन वर्षांत ते असे रडले नव्हते.

तेवढ्यात त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. कॉम्प्युटरवालीनं हात लांब करून तो उचलला आणि म्हणाली, "भाऊंच्या घरचं माणूस गेलंय. आज ते फोन घेणार नाहीत."